सार्वजनिक क्षेत्रातल्या आर्थिक वर्तनावर पहिला अभ्यास कसा करावा: प्रश्नापासून अहवालापर्यंत

व्यवस्थापन किंवा लोकप्रशासनात नव्यानं संशोधन सुरू करणारे बहुतेक जण आधी प्रश्नावली तयार करतात, मग ती भरून घेतात आणि शेवटी ‘आता या आकड्यांचं काय करायचं?’ असं मार्गदर्शकांना विचारतात. तोवर फार उशीर झालेला असतो. अभ्यास बुडवणाऱ्या बहुतेक चुका पहिला कागद वाटण्याआधीच होऊन गेलेल्या असतात, आणि नंतर कितीही चांगलं सॉफ्टवेअर वापरलं तरी त्या निस्तरता येत नाहीत. म्हणून इथे आधीच्या पायऱ्यांवर जास्त जागा खर्च केली आहे आणि विश्लेषणावर त्या मानानं कमी.

सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: सरकारी कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांची पैशांची ओढाताण आणि त्यांचं कामातलं लक्ष. तुमचा विषय करभरणा, निवृत्तिवेतनाची बचत किंवा विभागाच्या अंदाजपत्रकाचा वापर असा काहीही असला, तरी पायऱ्या याच राहतात.

पायरी १: विषयातून प्रश्न काढा

‘कर्मचाऱ्यांचं आर्थिक वर्तन’ एवढ्या भांडवलावर अभ्यास होत नाही. कोणाबद्दल विचारतो आहोत, कशाचा संबंध कशाशी जोडतो आहोत आणि तो किती काळातला, हे प्रश्नातच दिसायला हवं. उदाहरणार्थ: ‘ज्या लिपिकवर्गीय कर्मचाऱ्यांच्या पगाराचा मोठा हिस्सा कर्जाच्या हप्त्यांत जातो, त्यांच्या कामात गेल्या तीन महिन्यांत जास्त चुका आढळल्या का?’ यातला ‘मोठा हिस्सा’ म्हणजे नेमका किती, हे अजून ठरायचं आहे. पण काय ठरवायचं बाकी आहे, ते तरी आता समोर आहे.

पुढे तीन गोष्टी तपासा. पहिली, तुम्ही ज्ञान मोजताय, दृष्टिकोन मोजताय की वर्तन? चक्रवाढ व्याज उत्तम समजणारा माणूसही क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरत राहू शकतो. २०१४ मध्ये फर्नांडिस, लिंच आणि नेटमायर यांनी आधीच्या २०१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. आर्थिक साक्षरता वाढवण्याच्या उपक्रमांमुळे प्रत्यक्ष आर्थिक वर्तनातल्या फरकाचा जेमतेम ०.१ टक्का भाग उलगडतो, असं त्यांना आढळलं. २०२२ मध्ये कायझर, लुसार्डी आणि सहकाऱ्यांनी फक्त यादृच्छिक प्रयोग घेतले, म्हणजे उपक्रम कोणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेले. असे ७६ प्रयोग एकत्र केल्यावर चित्र बरंच आशादायक निघालं. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि म्हणूनच ज्ञानाचे गुण मोजून शीर्षकात ‘वर्तन’ लिहिणं चालत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अभ्यासाचं एकक: व्यक्ती, कार्यालय की विभाग. कर्जबाजारी कर्मचारी जास्त असलेल्या कार्यालयांत चुकाही जास्त, असं आढळलं म्हणून कर्जबाजारी माणूसच चुका करतो असं सिद्ध होत नाही. त्या कार्यालयांत कामाचा बोजाच जास्त असू शकतो. कार्यालयांच्या सरासरीवरून व्यक्तींबद्दल बोलणं ही या क्षेत्रातली जुनी आणि अजूनही वारंवार होणारी चूक आहे.

तिसरी गोष्ट कार्यकारणाची दिशा. ओढाताणीमुळे काम बिघडतं, की काम बिघडल्यानं बढती अडते आणि त्यातून ओढाताण होते? की घरातलं आजारपण दोन्हींच्या मुळाशी आहे? एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीला यातला फरक ओळखता येत नाही. अशा अभ्यासाच्या शीर्षकात ‘परिणाम’ किंवा ‘प्रभाव’ लिहू नका, ‘संबंध’ लिहा. परीक्षक सर्वांत आधी याच शब्दावर बोट ठेवतात.

दिशा शोधायचीच असेल तर तुलना हुशारीनं मांडावी लागते. २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेला मणी, मुल्लैनाथन, शाफिर आणि झाओ यांचा अभ्यास याचा चांगला नमुना आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची आकलनचाचणी त्यांनी ऊस तोडणीआधी, हात आखडता असताना घेतली आणि तोडणीनंतर, पैसा आल्यावर पुन्हा घेतली. माणूस तोच असल्यानं शिक्षण, स्वभाव, घरची परिस्थिती असे सगळे फरक आपोआप गळून पडले. तोडणीआधीचे गुण कमी निघाले. पण २०१६ मध्ये कार्व्हालो, मायर आणि वांग यांनी अमेरिकेतल्या कमी उत्पन्नाच्या लोकांची पगाराआधी आणि पगारानंतर तुलना केली, तेव्हा आकलनक्षमतेत फरक सापडला नाही. पैशांच्या बाबतीत ‘आत्ता हवं’ ही ओढ मात्र पगाराआधी जास्त दिसली. एका गाजलेल्या निष्कर्षावर इमला उभारण्याआधी त्याच्या विरुद्ध काय सापडलं आहे, हे शोधलंच पाहिजे.

पायरी २: वाचा, पण तक्ता करून

शंभर शोधनिबंध उतरवून घेण्यापेक्षा २५ ते ३० नीट वाचा आणि प्रत्येकाची एकेक ओळ तक्त्यात भरा: प्रश्न, नमुना किती आणि कुठला, मोजमाप कशानं केलं, तुलना कोणाशी, निष्कर्षाचा आकार, उणीव. ‘मोजमाप’ हा रकाना सर्वांत उपयोगी पडतो, कारण तिसऱ्या पायरीवर तुम्हाला तिथूनच साधन उचलायचं आहे. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या मोफत साधनात ठेवा.

पाया म्हणून काही कामं माहीत हवीतच. काहनेमान आणि त्वर्स्की यांचा १९७९ चा सिद्धान्त सांगतो, की माणूस एकूण संपत्तीकडे पाहण्याऐवजी एका संदर्भबिंदूपासून झालेला नफा-तोटा पाहतो आणि तेवढ्याच रकमेचा तोटा त्याला नफ्यापेक्षा जास्त बोचतो. मॅड्रियन आणि शी यांनी २००१ मध्ये एका मोठ्या कंपनीची निवृत्तिबचत योजना अभ्यासली. कर्मचाऱ्यांनी स्वतः अर्ज करायचा असताना सहभाग ४९ टक्के होता. आपोआप नावनोंदणी होऊन नको असल्यास बाहेर पडायचं, अशी पद्धत आल्यावर तो ८६ टक्क्यांवर गेला. मात्र बरेच जण योजनेनं आपोआप ठरवलेल्या ३ टक्के बचतीवरच अडकून राहिले. हा दुसरा भाग उद्धृत करायला लोक विसरतात. थेलर आणि बेनार्ट्झी यांनी २००४ मध्ये मांडलेल्या योजनेत पगारवाढ होईल तेव्हा बचतीचा टक्का वाढवण्याचं वचन आधीच घेतलं जाई. तिच्यात सामील झालेल्यांची बचत ४० महिन्यांत ३.५ वरून १३.६ टक्क्यांवर गेली. व्यवस्थापनाच्या बाजूनं पेरी आणि वाइज यांनी १९९० मध्ये मांडलेली ‘लोकसेवेची प्रेरणा’ ही कल्पना आणि हूड यांची १९९१ ची ‘नव्या सार्वजनिक व्यवस्थापना’ची (सरकारी कामात खासगी व्यवस्थापनाच्या पद्धती आणण्याची) चिकित्सा वाचल्याशिवाय या क्षेत्रातली भाषा कळत नाही.

वाचताना एक सावधगिरी बाळगा: छापून आलेले परिणाम खऱ्यापेक्षा मोठे असतात. डेलाविग्ना आणि लिनोस यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दोन वर्तनविषयक पथकांचे, म्हणजे छोट्या बदलांनी लोकांच्या निवडींना वळण देऊ पाहणाऱ्या गटांचे, १२६ प्रयोग तपासले. त्यांत सुमारे २ कोटी ३० लाख लोकांचा समावेश होता. विद्यापीठीय नियतकालिकांत छापलेल्या प्रयोगांचा सरासरी परिणाम ८.७ टक्केबिंदू होता, तर या पथकांच्या सगळ्या प्रयोगांचा, म्हणजे न छापलेल्यांसकट, १.४. काहीच न सापडलेले अभ्यास कपाटात राहतात, हे यामागचं मोठं कारण. तुम्ही नमुन्याचा आकार ठरवताना छापील परिणाम जसाच्या तसा गृहीत धरलात, तर नमुना हमखास लहान पडेल.

आणखी एक तपासणी एका मिनिटाची आहे: उद्धृत करण्याआधी तो निबंध मागे घेतला गेला आहे का, ते नियतकालिकाच्या पानावर पाहा. अर्जाच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीलाच घेतली तर लोक जास्त प्रामाणिक माहिती देतात, असा २०१२ चा एक निबंध सरकारी वर्तुळांत खूप फिरला. त्यातल्या एका प्रयोगाचा डेटा बनावट असल्याचं उघड झालं आणि २०२१ मध्ये निबंध मागे घेतला गेला. तो खरा धरून लिहिलेले प्रबंध आजही सापडतात.

पायरी ३: मोजमाप

ही सर्वांत महत्त्वाची पायरी. घाई करायचीच असेल तर दुसरीकडे करा.

आधी तयार मापनश्रेणी शोधा. आर्थिक समज मोजायला लुसार्डी आणि मिचेल यांचे तीन प्रश्न जगभर वापरले जातात: एक व्याजाबद्दल, एक महागाईबद्दल आणि एक जोखीम विभागण्याबद्दल. आर्थिक स्वास्थ्यासाठी अमेरिकेच्या ग्राहक वित्तीय संरक्षण संस्थेनं २०१५ मध्ये दिलेली १० प्रश्नांची श्रेणी आहे. तिचे गुण ० ते १०० मध्ये येतात आणि ५ प्रश्नांची लहान आवृत्तीही मिळते. लोकसेवेच्या प्रेरणेसाठी पेरी यांची १९९६ ची २४ विधानांची श्रेणी आहे. तयार श्रेणी वापरल्यानं तुमचे आकडे इतरांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. वापरण्याची परवानगी लागते का ते पाहा, लागत असेल तर लेखी घ्या. आणि आवडली नाहीत म्हणून मधली दोन विधानं गाळू नका. गाळलीत तर ती श्रेणी तीच राहत नाही.

भाषांतर एकट्यानं करू नका. ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली उलट भाषांतराची पद्धत आजही पायाभूत आहे: एकानं मूळ भाषेतून आपल्या भाषेत आणायचं, मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते परत मूळ भाषेत न्यायचं आणि मूळ भाषेतले दोन्ही मजकूर शेजारी ठेवून तफावत पाहायची. एवढ्यानं भागत नाही, कारण शब्दाला शब्द जुळूनही अर्थ निसटतो. ‘मी माझ्या आर्थिक भविष्याची तरतूद करतो आहे’ याला एक जण बचत समजतो, दुसरा सोनं, तिसरा मुलांचं शिक्षण. म्हणून ५ ते ८ जणांना प्रश्न मोठ्यानं वाचायला लावा आणि ‘हे वाचून तुमच्या मनात काय आलं?’ असं विचारा. एका दुपारच्या या कामात जितके दोष सापडतात, तितके नंतरच्या आकडेमोडीत कधीच सापडत नाहीत.

स्वतः प्रश्न लिहिताना वर्तनाचा प्रश्न काळात बांधा. ‘तुम्ही नियमित बचत करता का?’ याला जवळपास सगळे होच म्हणतील. ‘गेल्या तीन महिन्यांपैकी किती महिन्यांत तुम्ही खर्चाआधी काही रक्कम बाजूला ठेवली?’ याचं उत्तर ०, १, २ किंवा ३ येतं आणि ते आठवून देता येतं. एका वाक्यात दोन प्रश्न कोंबू नका. ‘माझे वरिष्ठ न्याय्य आणि मदत करणारे आहेत’ हे वाचून, वरिष्ठ न्याय्य आहेत पण मदत करत नाहीत असं वाटणाऱ्यानं कुठे खूण करायची? उत्पन्न आणि कर्ज नेमक्या रकमेत विचारू नका. पट्टे द्या आणि ‘सांगू इच्छित नाही’ हा पर्यायही ठेवा. पट्टे एकमेकांवर चढता कामा नयेत. एक पट्टा जिथे संपतो, तोच आकडा पुढच्या पट्ट्याची सुरुवात असेल तर सीमेवरचा माणूस कुठेही जातो.

काही विधानं उलट्या अर्थाची ठेवली जातात, म्हणजे वाचता वाचता सगळीकडे एकच खूण करणारा ओळखता येतो. पाच बिंदूंच्या श्रेणीत अशा विधानाचे गुण ६ मधून वजा करून उलटवायचे: २ चे ४, ५ चा १. हे विसरलं की विश्वासार्हतेचा आकडा (आठव्या पायरीतला अल्फा) कोसळतो, कधीकधी उणे येतो, आणि नवखा संशोधक श्रेणीलाच दोष देतो.

ओढाताणही त्याच माणसाला विचारली आणि कामातलं लक्षही त्याच माणसाला, त्याच कागदावर, त्याच दहा मिनिटांत, तर दोन्हींतला संबंध फुगतो. त्या दिवशी वैतागलेला माणूस दोन्हीकडे वाईटच खुणा करतो. याला सामायिक पद्धतीचा दोष म्हणतात. तो टाळण्याचा उत्तम मार्ग म्हणजे परिणाम दुसरीकडून घेणं: कार्यालयाच्या नोंदींतून परत आलेली प्रकरणं, निपटाऱ्याचे दिवस किंवा पर्यवेक्षकाचं स्वतंत्र मूल्यांकन. ते शक्य नसेल तर दोन भागांत दोन ते चार आठवड्यांचं अंतर ठेवा. बरेच जण सगळं झाल्यावर हरमनची एकघटक चाचणी (सगळ्या उत्तरांमागे एकच घटक आहे का ते पाहणारी) लावून ‘दोष नाही’ असं लिहितात. ती चाचणी इतकी ढोबळ आहे, की तिच्यावर विसंबून राहणं म्हणजे प्रश्न झाकणं.

शेवटी ३० जणांवर पायलट चाचणी घ्या. किती वेळ लागतो, कोणता प्रश्न रिकामा राहतो, कोणत्या प्रश्नाला सगळे एकच उत्तर देतात, ते पाहा. १५ मिनिटांच्या वर गेलेली प्रश्नावली कापा. पायलटमध्ये घेतलेली माणसं मुख्य अभ्यासात घेऊ नका.

पायरी ४: नमुना किती आणि कसा

‘३८४ पुरतात’ हे वाक्य प्रत्येक वर्गात ऐकू येतं. तो आकडा कुठून येतो ते पाहा: १.९६ चा वर्ग × ०.५ × ०.५ ÷ ०.०५ चा वर्ग = ३८४.१६, म्हणून ३८५. एखादं प्रमाण ९५ टक्के विश्वासानं, ५ टक्केबिंदूंच्या आतबाहेर सांगायचं असेल आणि नमुना साधा यादृच्छिक असेल, तेव्हाच हा आकडा लागू पडतो.

कार्यालयांतून नमुना घेताना तो साधा यादृच्छिक नसतो. आधी कार्यालयं निवडली जातात, मग त्यांतली माणसं, आणि एका कार्यालयातली माणसं एकमेकांसारखी असतात. समजा एकूण कर्मचारी ६,०००, प्रत्येक कार्यालयातून १० जण आणि अंतर्गत साम्याचा गुणांक ०.०५. मग नमुना किती पट करायचा तो वाढीचा गुणक १ + (१० − १) × ०.०५ = १.४५. आता ३८५ × १.४५ = ५५९. लोकसंख्या मर्यादित असल्याची सुधारणा केली की ५५९ ÷ (१ + ५५८ ÷ ६,०००) = ५१२. दहापैकी सात जणच भरून देतील असं धरलं तर ५१२ ÷ ०.७ = ७३२, म्हणजे ७४ कार्यालयं. एका कार्यालयातून २० जण घेतले तर तोच गुणक १.९५ होतो. यावरून धडा सरळ आहे: थोड्या कार्यालयांतून पुष्कळ माणसं घेण्यापेक्षा पुष्कळ कार्यालयांतून थोडी घ्या.

प्रमाण सांगायचं नसून संबंध शोधायचा असेल, तर गणित वेगळं. ५ टक्के पातळीवर (नसलेला संबंध चुकून ‘सापडण्याची’ शक्यता) आणि ८० टक्के सामर्थ्यानं (असलेला संबंध सापडण्याची शक्यता) ०.३ एवढा सहसंबंध पकडायला सुमारे ८५ जण लागतात, ०.२ साठी सुमारे १९४ आणि ०.१ साठी सुमारे ७८३. या क्षेत्रातले खरे संबंध बहुधा शेवटच्या दोहोंच्या मधले असतात.

कर्मचाऱ्यांची यादी मिळाली तर क्रमांक देऊन यादृच्छिक निवड करा. मिळत नसेल आणि ओळखीतून माणसं गाठली असतील, तर ते स्पष्ट लिहा. सोयीच्या नमुन्याला ‘यादृच्छिक’ म्हणणं ही चूक राहत नाही, ती फसवणूक होते.

पायरी ५: परवानगी आणि भीती

सार्वजनिक क्षेत्रात उत्तरदात्याच्या डोक्यावर उतरंड असते. प्रश्नावली वरिष्ठांनी वाटली आणि वरिष्ठांनीच गोळा केली, तर वरिष्ठांबद्दलचं एकही उत्तर खरं मिळणार नाही. कार्यालयप्रमुखाची लेखी परवानगी घ्या, पण वाटप आणि संकलन स्वतः करा: बंद पाकीट, कुलूपबंद पेटी किंवा थेट कर्मचाऱ्याला पाठवलेला दुवा. परवानगीच्या पत्रातच लिहून घ्या, की व्यक्तिनिहाय उत्तरं कार्यालयाला दिली जाणार नाहीत. नंतर कुणी मागितली तर हेच पत्र तुमची ढाल.

संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता माहिती गोळा करण्याआधी लागते, नंतर मिळत नाही. संमतीपत्र एका पानाचं आणि साध्या भाषेत असावं: अभ्यास कशाबद्दल, वेळ किती, कधीही थांबता येईल, नाव कुठेही येणार नाही, माहिती किती काळ ठेवली जाईल.

‘नाव नाही’ म्हणजे ओळख नाही, असं समजू नका. एखाद्या कार्यालयात अमुक पदावर एकच महिला असेल, तर पद, लिंग आणि कार्यालय या तीन रकान्यांतून ती कोण ते कुणालाही कळतं. म्हणून वयाचे पट्टे रुंद ठेवा, पदांचे गट करा आणि ज्या चौकटीत पाचांहून कमी माणसं येतात ती तक्त्यात छापू नका. दुसऱ्यांदा गाठायचं असेल तर सांकेतिक क्रमांक द्या, आणि क्रमांक व नाव यांची यादी उत्तरांपासून वेगळी, परवलीच्या शब्दाखाली ठेवा.

पायरी ६: प्रत्यक्ष संकलन

पैशांबद्दलची उत्तरं महिन्याच्या तारखेवर हलतात. पगाराच्या दुसऱ्या दिवशी विचारलेली ओढाताण आणि पगाराआधीच्या आठवड्यातली ओढाताण सारखी नसते. एका भागातली कार्यालयं पहिल्या आठवड्यात आणि दुसऱ्या भागातली शेवटच्या आठवड्यात केलीत, तर तुम्हाला सापडलेला ‘प्रादेशिक फरक’ निव्वळ तारखेचा असेल. सगळीकडे पगारापासूनचे तेच दिवस निवडा, किंवा निदान प्रत्येक अर्जावर तारीख नोंदवा म्हणजे नंतर हिशेबात घेता येईल. आर्थिक वर्ष संपतानाचे आठवडे आणि निवडणुकीचा काळ टाळा. त्या दिवसांत कर्मचारी थकलेले असतात आणि प्रतिसादही घसरतो.

किती जणांना दिली, किती परत आल्या, किती बाद झाल्या, याची कार्यालयनिहाय वही ठेवा. प्रतिसाद न देणारे कोण होते, हे थोडं तरी कळायला हवं. फक्त बचत करणाऱ्यांनीच अर्ज भरला असेल, तर सरासरी सुंदर दिसेल आणि खोटी असेल.

पायरी ७: साफसफाई, नियम आधी

मूळ फाइलला हात लावू नका. तिची प्रत करा आणि प्रत्येक बदल लिहून ठेवा, शक्य असेल तर आज्ञावलीच्या रूपात. आर, जामोवी आणि जॅस्प ही तिन्ही साधनं मोफत आहेत.

बाद करण्याचे नियम डेटा पाहण्याआधी ठरवा: सलग सगळ्या विधानांना एकच खूण, मध्यक वेळेच्या (वेळा क्रमानं लावल्यावर मधोमध येणाऱ्या) एक तृतीयांशाहून कमी वेळात भरलेला अर्ज, निम्म्याहून जास्त रिकामा अर्ज. डेटा पाहून नियम ठरवले की नकळत हवं ते उत्तर मिळेपर्यंत माणसं गळत जातात. रिकाम्या जागेला ९९ किंवा ९९९ असा संकेत दिला असेल, तर तो ‘रिकामा’ म्हणून सॉफ्टवेअरला सांगितला आहे ना, ते पाहा. सरासरी वय ७१ आलं की समजा हेच विसरलंय.

याच टप्प्याआधी, म्हणजे माहिती हातात येण्यापूर्वी, तुमची गृहीतकं आणि विश्लेषणाचा आराखडा ओपन सायन्स फ्रेमवर्कसारख्या संकेतस्थळावर तारखेसह नोंदवून ठेवा. तासाभराचं काम आहे आणि परीक्षकांच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात.

पायरी ८: विश्लेषण

आधी साधे तक्ते: कोण किती, प्रत्येक चलाची (मोजलेल्या गोष्टीची) सरासरी, विखुरणी आणि आलेख. मग श्रेणीची अंतर्गत सुसंगती, म्हणजे तिची विधानं एकमेकांशी किती जुळतात ते. क्रॉनबाख यांचा १९५१ चा अल्फा गुणांक अजूनही सगळीकडे मागतात आणि ०.७० ही रूढ किमान पातळी आहे. पण ०.९५ च्या वर गेला तर आनंद मानू नका, बहुधा तुम्ही एकच प्रश्न दहा प्रकारे विचारलाय. अल्फा चांगला आला म्हणजे श्रेणी योग्य तीच गोष्ट मोजते, असंही ठरत नाही.

मुख्य रिग्रेशनमध्ये (बाकीचे चल स्थिर धरून दोघांतला संबंध काढण्याच्या पद्धतीत) कोणते चल नियंत्रित करायचे, ते पहिल्या पायरीवरच्या विचारातून ठरवा, सॉफ्टवेअरवर सोपवू नका. आपोआप चल आत-बाहेर करणारी पद्धत टाळा. वय, पद आणि कुटुंबाचा आकार घेणं समजण्यासारखं आहे. पण ओढाताणीमुळेच झोप उडत असेल आणि तुम्ही झोप नियंत्रित केलीत, तर शोधायचा होता तोच परिणाम पुसून टाकला. कार्यालयवार गटांमुळे प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) गटानुसार सुधारून घ्या. नाहीतर विश्वास खोटा वाढतो.

पी-मूल्य ०.०५ च्या खाली आलं म्हणजे परिणाम मोठा आहे, असं नाही. शून्य परिणाम असता तर एवढं टोकाचं उत्तर क्वचितच आलं असतं, इतकंच ते सांगतं. ३० सहसंबंध तपासले तर काहीही खरं नसताना सरासरी दीड ‘लक्षणीय’ निघतात. म्हणून परिणामाचा आकार आणि ९५ टक्के विश्वास अंतराल (अंदाजाभोवतीची अनिश्चितता दाखवणारा पट्टा) द्या, आणि वाचकाला कळेल अशा एककात सांगा: ‘हप्त्यांचा हिस्सा दहा टक्केबिंदूंनी वाढला, तर महिन्याला परत येणारी प्रकरणं इतकी जास्त’.

पायरी ९: लिहिणं आणि सोपवणं

पद्धतीचा भाग संकलन चालू असतानाच लिहा, तेव्हा तपशील ताजे असतात. काहीच न सापडलेलं गृहीतकही लिहा. मर्यादांचा परिच्छेद उरकून टाकू नका. नमुना सोयीचा होता, मोजमाप एकाच वेळचं होतं, एका विभागानं परवानगी नाकारली, हे सगळं त्यात यायला हवं, आणि त्यामुळे निष्कर्ष कोणत्या बाजूला झुकला असेल, तेही.

नियतकालिक निवडताना त्यात आलेले ताजे निबंध वाचून पाहा, संपादक मंडळातल्या लोकांच्या विद्यापीठीय पानांवर त्या मंडळाचा उल्लेख आहे का ते पाहा, आणि मुक्त प्रवेशाचं असेल तर मुक्त नियतकालिकांच्या ‘डीओएजे’ या सूचीत शोधा. तीन दिवसांत स्वीकृतीची हमी देणारं आणि शुल्क आधी मागणारं ठिकाण लगेच सोडून द्या. तिथे छापून आलेलं काम पुढे मागे घेणंही अवघड होतं.

वेळेचा अंदाज हवा असेल तर एका वर्षाच्या कामात प्रश्न आणि वाचनाला तीन महिने, मोजमाप व पायलटला दोन, परवानग्यांना दोन, संकलनाला दोन आणि साफसफाई, विश्लेषण, लेखन मिळून तीन, असं धरा. परवानग्या नेहमीच ठरल्यापेक्षा लांबतात, म्हणून त्यांचे अर्ज पायलट चालू असतानाच टाका. मात्र पायलटसाठी लागणारी नीतिसमितीची मान्यता त्याआधी हातात हवी.

ज्या कार्यालयांनी वेळ दिला त्यांना दोन पानांचा सारांश द्या, त्यांच्याच भाषेत, एका आलेखासह आणि कोणत्याही एका कार्यालयाचं नाव न घेता. तो आधी कर्मचाऱ्यांच्या हाती पडेल असं पाहा. त्यांनी पगाराबद्दल आणि कर्जाबद्दल अनोळखी माणसाला सांगितलेलं असतं. नंतर संमतीपत्रात लिहिलेली मुदत संपली की नाव आणि सांकेतिक क्रमांक यांची यादी नष्ट करा आणि नष्ट केल्याची तारीख नोंदवा.